आवडता खेळाडू हरतो तेव्हा



आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. घरातला देव्हारा उतरला, भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा लागली, मुलांना त्रिशरण-पंचशील पाठ झाले. हे सर्व झाल्यावर आपल्या वाडीतली माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात. "गुरुजी, विहारात वंदना झाली. पण घरी गेल्यावर, शेतावर, बाजारात, पोरांच्या खेळात हा धम्म वापरायचा कसा?" प्रश्न रास्त आहे. जो धम्म फक्त विहारात चालतो तो धम्मच नव्हे. म्हणून आज मी ह्या प्रश्नाचे उत्तर एका टेनिसच्या सामन्यावरून देणार आहे. हसू नका. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर टेनिस कोण खेळतो? ओहोटीच्या वाळूत कबड्डी, सुट्टीत क्रिकेट, एवढाच आपला खेळ. पण खेळ कोणताही असो, तो पाहणाऱ्याचे मन एकच असते. आणि धम्माचा सारा व्यवहार मनाशीच आहे.

जानेवारी २०१८ ची गोष्ट आहे. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षे पूर्ण होत होती. विजयस्तंभाला मानवंदना द्यायला मी गेलो होतो. त्या दिवशी तिथे काय घडले आणि ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद का झाला, ते आपण सर्व जाणता. माझा भाचा तेव्हा पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. माझ्या थोरल्या बहिणीने गावाहून फोन केला, "अरे, पोराचं डोकं तापलंय. तू दोन दिवस त्याच्याजवळ राहा." म्हणून मी रजा वाढवली आणि राहिलो.

त्याच आठवड्यात पुण्याला बालेवाडीच्या क्रीडानगरीत महाराष्ट्र ओपन ही टेनिसची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती. पूर्वी चेन्नईत भरणारी ही स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात आली होती. २०२३ नंतर ती पुण्यात भरलेली नाही. भाच्याच्या मित्राला तिथे स्वयंसेवकाचे काम मिळाले होते. त्याने दोन पास दिले. ५ जानेवारीला उपांत्य सामना होता. एका बाजूला क्रोएशियाचा मारिन चिलिच, जगात सहावा, स्पर्धेचा अव्वल मानांकित. दुसऱ्या बाजूला फ्रान्सचा जिल सिमॉ, वय तेहतीस, जगात एकोणनव्वदावा.

चिलिच हा माझ्या भाच्याचा दैवतासारखा आवडता. कारणही तसेच होते. २०१४ च्या अमेरिकन ओपनमध्ये ह्या चिलिचला चौदावे मानांकन होते. कोणी त्याला जमेस धरले नव्हते. त्याने उपांत्य सामन्यात साक्षात फेडररला सरळ तीन सेटमध्ये हरवले आणि मग निशिकोरीला हरवून करंडक उचलला. भाचा तेव्हा शाळेत होता. "मामा, कोणी विचारत नव्हतं त्याला, आणि त्यानं राजाला पाडलं!" असे तो मला नाचत सांगायचा. २०१७ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पायाला फोड आला म्हणून चिलिच खुर्चीत बसून रडला, तेव्हा हा पोरही रडला होता.

सामना सुरू झाला. पहिला सेट चिलिचने ६-१ असा सहज घेतला. साडेसहा फुटांचा तो गडी, त्याची सर्व्हिस म्हणजे तोफेचा गोळा. भाचा खुर्चीवर बसायलाच तयार नव्हता. मला टेनिसमधले फार कळत नाही, पण एक गोष्ट दिसत होती. किरकोळ अंगाचा तो सिमॉ एकही चेंडू सोडत नव्हता. जोरात मारायचा नाही, पण परत पाठवायचा. पुन्हा परत पाठवायचा. हळूहळू चुका दुसऱ्या बाजूला होऊ लागल्या. दुसरा सेट सिमॉने ६-३ घेतला, तिसरा ६-२. सामना संपला. भाचा दगडासारखा बसला होता. आजूबाजूचे लोक सिमॉसाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. हा उठलाच नाही.

बाहेर पडल्यावर तो एकच वाक्य बोलला. "मामा, त्याची लायकीच नव्हती जिंकायची. एकोणनव्वदावा आहे तो!"

बंधुभगिनींनो, त्या शब्दाने माझ्या अंगावर काटा आला. लायकी!

मी सातवीत असताना आमच्या वाडीच्या पोरांनी कबड्डीत गावातल्या मोठ्या संघाला हरवले होते. आमच्याकडे बूट नव्हते, सारख्या रंगाच्या बनियनी नव्हत्या. आम्ही जिंकलो तेव्हा पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी मोठ्याने म्हणाले होते, "ह्यांची काय लायकी आहे!" ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्यामागे त्या वाक्याचाही थोडा हात आहे. आणि तेच वाक्य आज माझ्या सख्ख्या भाच्याच्या तोंडून, एका परक्या देशातल्या, ज्याने त्याचे काहीही बिघडवलेले नाही अशा माणसासाठी बाहेर पडले होते. ज्याची बाजू घेऊन तो टेनिस पाहायला शिकला, त्या दुबळ्या बाजूलाच तो आता शिव्या देत होता. का? तर आता आपला माणूस वरच्या पायरीवर बसला होता म्हणून.

मी त्याला रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर बसवले आणि विचारले, "हा एकोणनव्वदावा क्रमांक त्याला कोणी दिला?" तो म्हणाला, "गेल्या बावन्न आठवड्यांत जिंकलेल्या सामन्यांच्या गुणांवरून ठरतो. दर आठवड्याला यादी बदलते." मी म्हटले, "म्हणजे हा क्रमांक जन्माचा नाही, कर्माचा आहे. आज खाली, उद्या वर." मग त्यानेच सांगितले की हाच सिमॉ जानेवारी २००९ मध्ये जगात सहावा होता. म्हणजे चिलिच त्या दिवशी ज्या पायरीवर उभा होता, त्याच पायरीवर सिमॉ नऊ वर्षांपूर्वी उभा होता!

आता विचार करा. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात जातींच्या समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. खेळाच्या यादीला मात्र जिना आहे. चढायलाही आणि उतरायलाही. तथागतांनी वसल सुत्तात हेच सांगितले की माणूस जन्माने नीच होत नाही आणि जन्माने श्रेष्ठही होत नाही, त्याचे कर्मच त्याला घडवते. मग जो खेळाडू त्या दिवशी अधिक चांगला खेळला त्याला 'लायकी नाही' म्हणणे म्हणजे काय? जिना काढून टाकणे आणि पुन्हा तोच मनोरा बांधणे. आपण बौद्ध झालो. जात सोडली. पण ही जुनी तिरकी नजर आपल्या बोलण्यात लपून बसलेली नाही ना, हे आपणच तपासायचे आहे. पंचशीलातले चौथे शील फक्त खोटे न बोलण्यापुरते नाही. कठोर आणि हीन लेखणारे शब्द टाळणे हेही सम्यक वाचेत येते.

चहा संपेपर्यंत दुसरी गोष्ट बाहेर आली. भाच्याने वसतिगृहातल्या मित्रांशी पैज लावली होती. चिलिच जिंकणार म्हणून दीड हजार रुपये. ते पैसे मेसचे होते. माझी बहीण अंगणवाडीत मदतनीस आहे. तिला महिन्याला काय मिळते ते आपल्याला ठाऊक आहे. आता मला समजले की पोराच्या रागात निम्मे दुःख चिलिचचे नव्हतेच.

सिगालोवाद सुत्त हे गृहस्थाचे सुत्त आहे. नव्या बौद्ध कुटुंबाने ते आवर्जून वाचावे. त्यात तथागत सिगाल नावाच्या तरुणाला संपत्ती गळून जाण्याच्या सहा वाटा सांगतात. त्यांपैकी एक जुगार. त्यात जिंकला तर वैर पदरात पडते, हरला तर गेलेल्या धनाचा शोक होतो, आणि सभेत अशा माणसाच्या शब्दाला किंमत उरत नाही. पाहा, दोन्हीकडून तोटाच! आज पैज लावायला अड्डा शोधावा लागत नाही. खिशातला फोनच अड्डा झाला आहे. आयपीएलच्या दिवसांत आपल्या वाड्यावस्त्यांत किती घरांत भांडणे होतात, ते मी वेगळे सांगायला नको. आपल्या बापजाद्यांच्या हाती पैसा येऊच दिला नव्हता. आता चार पैसे येऊ लागले, तर ते दुसऱ्याच्या खेळावर उधळायचे का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपला आवडता हरला की आपल्याला एवढे दुःख का होते? आपण तर मैदानात नसतो. हरतो तो, आणि जेवण जात नाही आपल्याला! धम्मात ह्याचे उत्तर आहे, उपादान. म्हणजे घट्ट धरून ठेवणे. आपण एका माणसाला 'माझा' म्हणून धरतो. मग त्याचा जय तो माझा जय, त्याचा पराजय तो माझा अपमान. लाभ आणि हानी, यश आणि अपयश, निंदा आणि स्तुती, सुख आणि दुःख, ह्या आठ गोष्टी जगात सर्वांच्याच वाट्याला येतात. त्यांना अष्ट लोकधम्म म्हणतात. त्या येणारच. त्यांच्या वाऱ्याने आपण पाचोळ्यासारखे उडायचे की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.

कोसलचा राजा प्रसेनजित आणि मगधचा अजातशत्रू यांच्या लढाईची कथा तिपिटकात आहे. अजातशत्रूने प्रसेनजिताला हरवले. म्हातारा राजा श्रावस्तीला परत आला आणि दुःखाने खाटेवर पडला. तथागतांच्या कानी ही वार्ता गेली. त्यांनी जिंकलेल्याचे कौतुक केले नाही आणि हरलेल्याला हिणवलेही नाही. त्यांच्या उपदेशाचा भावार्थ असा की जिंकणारा वैर कमावतो, हरणाऱ्याची झोप उडते, आणि ज्याने दोन्हींचे ओझे खाली ठेवले तोच सुखाने झोपतो. पुढे काय झाले? पुढच्या लढाईत प्रसेनजित जिंकला. अजातशत्रू जिवंत हाती लागला. प्रसेनजिताने त्याचे सैन्य घेतले, पण त्याला जिवानिशी सोडून दिले. चाक फिरतच राहते. बालेवाडीच्या मैदानावरही तसेच झाले. सिमॉने अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसनला हरवले. पुढच्याच वर्षी अँडरसन पुन्हा पुण्याला आला आणि स्पर्धा जिंकून गेला. आणि पुण्यात हरलेला चिलिच? त्याच महिन्यात तो ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याच्या देशाने डेव्हिस चषक जिंकला. त्यातला निर्णायक सामना त्यानेच जिंकून दिला. ज्या हरण्याला माझा भाचा जगबुडी समजत होता, ते एका आठवड्याचे हरणे होते.

इथे कोणी म्हणेल, "गुरुजी, म्हणजे हरलो तरी गप्प बसायचे का? कोणीही जिंको, आपल्याला काय त्याचे?" नाही! हा फार मोठा गैरसमज आहे. मराठीत 'उपेक्षा' म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. धम्मातली उपेक्षा ती नव्हे. धम्मात उपेक्षा म्हणजे समचित्त, डोके ठिकाणावर असणे. ह्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. आपले लोक प्रतिकाराला सज्ज होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. विरोधकांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे सत्याग्रह तहकूब करावा लागला. त्या दिवसांत महाडला जमलेल्या हजारोंना काय वाटले असेल? हरलो असेच ना? पण बाबासाहेबांनी हातात दगड घेतला नाही आणि तळेही सोडले नाही. खटला दहा वर्षे लढला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हे समचित्त! चेंडू सोडायचा नाही, आणि तोलही सोडायचा नाही. त्या जानेवारीच्या आठवड्यात तापलेल्या डोक्याच्या माझ्या भाच्याला मी हेच सांगितले. आपला राग खरा आहे, पण तो योग्य जागी लावायला थंड डोके लागते. खेळाच्या मैदानावर ज्याला आपले डोके सांभाळता येत नाही, तो रस्त्यावर कसा सांभाळणार?

आणखी एक गोष्ट. आपण देव्हारा उतरवला, पण मनात नवा देव्हारा बांधत नाही ना? खेळाडू, नट, पुढारी, कोणीही त्यात बसतो. वक्कली नावाचा एक भिक्खू आजारी होता. तथागतांचे दर्शन व्हावे हीच त्याची एक ओढ होती. तथागत त्याच्याकडे गेले, पण म्हणाले की ह्या नाशवंत देहाकडे पाहून काय मिळणार, जो धम्म पाहतो तोच मला पाहतो. स्वतः तथागतांनी आपली व्यक्तिपूजा होऊ दिली नाही. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला की राजकारणातली भक्ती अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते. खेळाडू आवडावा, जरूर आवडावा. त्याची मेहनत घ्यावी, चिकाटी घ्यावी. पण त्याला देव करू नये. देव हरत नसतो, माणूस हरतो. माणसाला देव केले की तो हरला म्हणजे आपणच कोसळतो.

आणि हरल्याच्या दुःखावर धम्मात एक गोड औषध आहे, मुदिता. दुसऱ्याच्या यशात आनंद मानणे. मैत्री सोपी, करुणाही सोपी. पडलेल्यावर दया कोणालाही येते. पण आपल्याला हरवून जो वर गेला त्याच्यासाठी टाळी वाजवणे कठीण. म्हणूनच मुदितेचा सराव लहानपणापासून घरात करायचा.

म्हणून माता-पित्यांना माझी विनंती आहे. मुलाचा आवडता संघ हरला, तर त्याला हसू नका आणि "जाऊ दे, त्यात काय" म्हणून झिडकारूही नका. त्याचे दुःख खरे आहे. थोडा वेळ जाऊ द्या. मग त्याला विचारा, "आज जिंकलेल्याने कोणती गोष्ट चांगली केली?" एक तरी गोष्ट त्याच्या तोंडून येऊ द्या. घरात पैजेला थारा देऊ नका, अगदी दहा रुपयांच्याही. आणि 'लायकी' हा शब्द आपल्या घरातून हद्दपार करा. तो आपल्यावर पुष्कळ वापरून झाला आहे. आपण तो कोणावरही वापरायचा नाही.

आता भाच्याचे पुढे काय झाले ते सांगून आटोपतो. त्या रात्री त्याने स्वतः आईला फोन केला आणि दीड हजार रुपयांचे खरे सांगितले. बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जेवलास का?" पोर ढसाढसा रडला. त्यानंतर त्याने पैज लावलेली नाही. आज तो नोकरीला आहे, आईला दरमहा पैसे पाठवतो. आवडता खेळाडू मात्र तोच आहे.

त्या खेळाडूच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. यादीतला त्याचा क्रमांक घसरत घसरत ७७७ वर गेला. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ शहरात तो अंतिम सामन्यात झांग झिझेन ह्या चिनी खेळाडूला हरवून स्पर्धा जिंकला. एटीपीच्या स्पर्धांच्या इतिहासात एवढ्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू त्यापूर्वी कधी जिंकला नव्हता. भाच्याचा फोन आला. "मामा, सातशे सत्याहत्तरावा!" आनंदाने त्याला बोलता येत नव्हते. मग थोडा थांबून तो म्हणाला, "पण मामा, तो झांग आपल्या घरच्या लोकांसमोर हरला. तिथेही कोणी पोरगा माझ्यासारखा बसून राहिला असेल."

बंधुभगिनींनो, मी शाळेत पुष्कळ मुलांना शिकवले. पण त्या वाक्याएवढे समाधान मला क्वचितच मिळाले आहे. जिंकलेल्या क्षणी हरलेल्याची आठवण होणे, ह्यालाच करुणा म्हणतात. विहाराबाहेर धम्म कुठे वापरायचा, ह्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या फोनवर मिळाले.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!